होडीचा चाकू

मी निगडीत मालोजीकडे भाड्याने राहायला गेलो त्या दिवशी त्याने मला घरभाडं सांगायच्या आधी एक चाकू पुढे ठेवला. हातात दिला नाही, जमिनीवर ठेवला आणि दोन पावलं मागे सरला. चाकू, मीठ, मिरची हातोहात दिली की दोघांत भांडण लागतं, असं आपल्याकडे सगळेच म्हणतात. पण मालोजी ते पाळायचा. मी चाकू उचलला तेव्हा तो म्हणाला, "मास्तर, ह्याच्यावं काय लिवलंय तेवढं वाचा."

मी मास्तर नव्हतो. देहूरोडच्या मिलिटरी डेपोत साधा कारकून होतो, मूळचा चिपळूणचा. पण निगडीत इंग्रजी वाचणारा प्रत्येक माणूस मास्तर ठरायचा, आणि तसे आम्ही गावात दोन-तीनच होतो. मी पात्याच्या मुळाशी कोरलेली बारीक अक्षरं वाचली आणि सांगितलं की हा चाकू विलायतेत शेफिल्ड नावाच्या गावी झाला आहे. मालोजीचा चेहरा सुनेला दिवस गेल्याचं कळावं तसा फुलला. मग तो विचारू लागला. कुणी केला? त्याचं नाव काय? तिकडंबी लोहार झाडाखाली बसत्यात का? मी कंटाळून म्हटलं, तिकडे फार थंडी असते, घरात बसत असतील. हे त्याने इतकं मनावर घेतलं की पुढे महिनाभर तो येईल-जाईल त्याला तेच सांगत होता.

मालोजी डेपोत हमाल होता. खोकी उचलायची, रेल्वेच्या वाघिणीत रचायची, संध्याकाळी सायकल मारत घरी यायचं. थोडी जिरायत जमीन होती, तिच्यावर बाजरी निघाली तर निघाली. लढाई संपल्यावर गोऱ्या पलटणी गेल्या आणि त्यांचा उरलासुरला माल लिलावात निघाला. लोकांनी ब्लँकेटं घेतली, बूट घेतले, पाण्याच्या टाक्या घेतल्या. मालोजीने चाकू घेतले. मिटायचे, खिशात ठेवायचे चाकू. हाडाच्या मुठीचे, शिंगाच्या मुठीचे, एक पात्याचे, चार पात्यांचे. एकात बाटलीचं बूच काढायचा मळसूत्री खिळा होता. तो कशाला असतो असं त्याने विचारलं आणि मी खरं सांगितलं, तेव्हा गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावून त्याने तो चाकू मिटला आणि ट्रंकेत सगळ्यांच्या खाली ठेवला.

ट्रंक पत्र्याची होती. आत त्याच्या बायकोचं, यशोदाबाईंचं, जुनं लुगडं अंथरलेलं. यशोदाबाईंना या हौसेचा मनस्वी राग होता. "घरात भाकरीला मीठ न्हाई आन् ह्यांच्याकडं चिरायला शंभर चाकू," असं त्या मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणायच्या. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते ज्याला द्यावं लागत नाही तो म्हणतो.

पण नुसते चाकू जमवणारा माणूस मला इतका आठवला नसता. मालोजीला वेड होतं ते करणाऱ्याचं. विलायती चाकवांवर नावं असायची, ती मी वाचायचो आणि तो पाठ करायचा. देशी चाकवांवर अक्षरं नसत. लोहाराने आपली खूण ठोकलेली असे. कुठे मासा, कुठे चंद्रकोर, कुठे नुसत्या दोन रेघा. मग मालोजी सुट्टीच्या दिवशी सायकलवर टांग मारायचा आणि तळेगाव, खेड, जुन्नर, कुठल्या तरी बाजारात जाऊन लोहारांच्या पुढ्यात बसायचा. ही खूण कुणाची? ते हसायचे. तो पुन्हा विचारायचा. असे सहा-सात लोहार त्याने शोधून काढले होते. काही मेलेले होते, तर त्याने त्यांची घरं पाहून घेतली होती. एकाच्या विधवेला जाऊन सांगितलं होतं की तुझ्या धन्याचा चाकू माझ्यापाशी आहे आणि अजून धार धरून आहे. ती रडली म्हणे. हे सांगताना मालोजीचेही डोळे भरले होते, आणि मी त्याची चेष्टा करायला तोंड उघडलं होतं ते मिटून घेतलं.

सगळ्यांत आवडता चाकू होता होडीचा. पिंपरी कँपात सिंधी लोकांची दुकानं नवीनच लागली होती, त्यांतल्या एका जुन्या सामानवाल्याकडे तो त्याला मिळाला. मिटला की दोन्ही टोकं वर उचललेली आणि मधे पोट, अगदी इंद्रायणीवरच्या होडीसारखा. मूठ काळ्या शिंगाची, तिला पितळी खिळे. दोन्ही टोकांतून एकेक पातं निघायचं. एक सरळ, रुंद. दुसरं अरुंद, टोकाशी वाकडं. ते वाकडं पातं कशासाठी, हे कुणालाच सांगता येईना. मी म्हटलं, कोळ्याचा असेल, होडीच्या आकाराचा आहे म्हणजे खेकडे फोडायला. मालोजीला ते पटलं नाही. पात्यावर खूण होती तीन ठिपके आणि त्यांखाली एक आडवी रेघ. ही खूण कुठल्याच बाजारात कुणी ओळखली नाही.

त्या चाकवाची निगा राखायचे मालोजीचे नियम होते. वरून फडक्याने पुसायचा, तेलाचा हात द्यायचा, बस. पातं जिथे मिटतं त्या खाचेत काळी, वाळलेली घाण घट्ट बसली होती. ती त्याने मला जन्मात उकरू दिली नाही. ते जुनेपण आहे, ते गेलं की चाकू कालचा दिसतो, असं त्याचं म्हणणं. दुसरा नियम म्हणजे पोलादाला विस्तव दाखवायचा नाही. लोहार पोलाद लाल तापवून पाण्यात विझवतो, त्याने ते कडक होतं, याला पाणी देणं म्हणतात. तोच चाकू पुन्हा विस्तवावर धरला की पाणी उतरतं, पोलाद मऊ पडतं आणि धार टिकत नाही. करणाऱ्या माणसाची सगळी मेहनत वाया जाते. हे मालोजी देवाधर्मासारखं सांगायचा.

मालोजीला एकच मुलगी होती, रंभा. मोशीला दिली होती, ज्योतीराम नावाच्या शेतकऱ्याच्या मुलाला. जावई गरीब, बोलायला सुद्धा लाजणारा. त्याची आई आक्काबाई मात्र घर चालवायची आणि मुलालाही चालवायची. चोपन्न साली रंभा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सुईण गोजाबाई, आमच्याच आळीतली. अर्ध्या निगडीची नाळ तिने कापली होती. तिची एक रीत होती. कापायचं हत्यार, विळा असो की चाकू, ती आधी चुलीतल्या निखाऱ्यांवर चांगलं धरायची. का, ते तिलाही माहीत नव्हतं. सासूने सांगितलं होतं म्हणून करायची.

त्या दिवशी घरातला विळा गंजलेला निघाला. मालोजी धावत आला आणि त्याने दाराच्या उंबऱ्यावर होडीचा चाकू ठेवला. नातवाची नाळ आपल्या सगळ्यांत चांगल्या चाकवाने कापली जावी, असं त्याला वाटलं. गोजाबाई तो घेऊन चुलीकडे वळली, तर हा बाहेरून ओरडला, "गोजाबाई, इस्तवावर नका धरू. पानी उतरंल त्याचं."

"आवं, रीत हाय ती."

"रीत विळ्याची आसंल. ह्यो चाकू हाय."

गोजाबाईने नुसत्या पदराने पुसून नाळ कापली. मुलगा झाला होता. गोरापान, मोठ्या डोक्याचा. आठवड्याने त्याने दूध ओढणं सोडलं. तोंड उघडेना. मग अंग लाकडासारखं ताठ झालं, कुणी हात लावला, दार वाजलं की कमानीसारखा वाकायचा. दोन दिवसांत गेला. मी तेव्हा डेपोत होतो, घरी आलो तर यशोदाबाई रंभाला धरून बसल्या होत्या. तिच्या दुधाने चोळी भिजली होती. त्या घरात मी त्या दिवशी पाऊल टाकू शकलो नाही, रस्त्यावरच उभा राहिलो.

गाव म्हणालं, सटवाईचा कोप. पाचवी नीट पुजली नसेल. आक्काबाई म्हणाली, पोरगीच पांढऱ्या पायाची. होडीचा चाकू मालोजीने पुसून पुन्हा लुगड्यावर ठेवला, कारण त्याचा त्यात काय दोष? कुणाच्याही मनात ते आलं नाही, माझ्याही नाही, आणि मी तर मॅट्रिक होतो.

छप्पन साली रंभाला पुन्हा दिवस गेले. या वेळी आक्काबाई स्वतः तिला पोचवायला आली. ओट्यावर बसून तिने पाणीसुद्धा न पिता सांगितलं, "मालोजीराव, औंदा पोर जगलं तर गाडी घिऊन न्यायला येतो. न्हाई जगलं तर पोरगी तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. ज्योतीरामासाठी मी दुसरी बघून ठिवलीया." सरकारने दुसरी बायको करायला बंदी केली होती, पण कायदा पुण्यापर्यंत येतो, मोशीला यायला त्याला वेळ लागतो. रंभा आत चुलीपाशी बसून हे ऐकत होती. ती रडली नाही. तिने पोटावर हात ठेवला, एवढंच मी दारातून पाहिलं.

पोटुशी बाईच्या उशाखाली लोखंड ठेवतात, त्याने वाईट वारं जवळ येत नाही. यशोदाबाईंनी विळा ठेवला. मालोजीने तो काढून होडीचा चाकू ठेवला. आपल्याकडचं सगळ्यांत जुनं, सगळ्यांत चांगलं लोखंड मुलीला राखायला द्यावं, यात बापाची माया होती, ती मी नाकारत नाही. माया होती आणि थोडा तोराही होता.

दिवस भरत आले तेव्हा डेपोतल्या एका हमालाने, अर्जुनरावने, मालोजीला सांगितलं की चाकणच्या बाजारात आबाजी नावाचा एक म्हातारा लोहार बसतो, तीन ठिपक्यांची खूण त्याच्या भात्यावर कोरलेली मी पाहिली आहे. मालोजी त्या रात्री जेवला नाही म्हणे. पण चाकू नेता येईना, कारण उशाखालचं लोखंड बाळंत होईपर्यंत हलवायचं नाही, असं यशोदाबाईंनी बजावलं होतं. तर या पठ्ठ्याने मधाच्या पोळ्याचं मेण मऊ केलं, रंभाच्या उशाशीच त्यावर चाकवाची खूण दाबून घेतली, ते मेण ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि बाजाराच्या दिवशी सकाळी सायकलवर चाकणला गेला.

चाकणात काय झालं ते मला पुढे कळलं, पण इथेच सांगतो.

आबाजी बाजाराच्या कडेला बसत होता, जिथे बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकतात त्याच्या शेजारी. डोळे अधू झाले होते. त्याने मेण अंगठ्याने चाचपलं आणि म्हणाला, "ठसा माजा हाय." मालोजी त्याच्या पाया पडला. इतकी वर्षं शोधलेला माणूस जिवंत समोर बसला होता. आबाजीलाही गहिवरून आलं. त्याने गुळाचा चहा मागवला. आपला चाकू कुणी जपून ठेवील, असं त्याला आयुष्यात वाटलं नव्हतं.

"होडीगत हाय न्हवं का? दोन पात्याचा?"

"व्हय. एक पातं वाकडं हाय. ते कशापायी हो, आबाजी? आमी लई डोकं लावलं."

"आरं बाबा, ते खुरासाठी. लढाईच्या टायमाला खेचरांची पलटण हुती. त्यांच्या नालबंदांसाठी मी करून दिलं. सरळ पात्यानं खूर तासायचा, वाकड्यानं खुराच्या भेगंतली लीद उकरायची. होडीगत केला म्हंजी मुठीत बसतो, घसरत न्हाई. तू कशापायी वापरतूस?"

मालोजीने अभिमानाने सांगितलं की मी वापरत नाही, जपून ठेवतो. फक्त एकदा वापरला, नातवाची नाळ कापायला.

आबाजीने चहाची बशी खाली ठेवली. "इस्तवातनं काढून कापली?"

"न्हाई. पानी उतरंल म्हनून मीच धरू दिला न्हाई."

म्हाताऱ्याने मेण फडक्यात गुंडाळून परत दिलं. मग त्याने सांगितलं. त्याचा धाकटा भाऊ त्याच्याबरोबर हे चाकू करायचा. एक चाकू दुरुस्तीला परत आला होता, खुरावर वापरलेला. त्याची धार बघताना भावाचा अंगठा कापला. आठवड्याने दातखीळ बसली, बोलता येईना, मग अंग ताठलं आणि धनुष्यासारखा वाकून गेला. "खेचरंबी तशीच मरत्यात. त्या घाणीतच काय तरी हाय. तवापासनं खुराचं पातं इस्तवातनं काढल्याबिगर आमी भाजीबी चिरत न्हाई."

"आन् पानी?"

"उतरलं तर उतरू दे की. पानी परत देता येतं, मालोजीराव. मी कशासाठी बसलूय?"

मालोजीने चहा तसाच सोडला आणि सायकल काढली. मोशीवरून निगडीपर्यंत तो कसा आला ते त्याला आठवत नव्हतं. आळीत शिरला तर घरातून थाळी वाजत होती. मुलगा झाला की थाळी वाजवतात. रंभा वेळेच्या आधीच बाळंत झाली होती. मी ओट्यावर होतो. मी ओरडून सांगितलं, "मालोजीराव, पेढे काढा, नातू झाला." त्याच्या हातून सायकल पडली. मला वाटलं आनंदाने.

गोजाबाई हात धुवत होती. मालोजीने तिला विचारलं, "कशानं कापली?"

"उशाखाली हुता त्यानंच."

"इस्तवावर?"

"न्हाई बा. मागल्या खेपंला तुमीच वरडला हुता. म्हनलं, परत कशाला." तिने हे हसून सांगितलं. मी पुढे खूप वेळा विचार केला की त्या माणसाच्या कानात ते हसू किती वर्षं राहिलं असेल.

आता मी जे सांगणार आहे त्याचा मला आजही संताप येतो. मालोजीला सगळं कळलं होतं, आणि तो मूग गिळून गप्प बसला. आत त्याची लेक दोन वर्षांनी हसत होती. बोललो तर पहिलं पोर आपण मारलं, हे त्याच श्वासात बोलावं लागणार होतं. मग त्याने मनाची समजूत घातली. सगळीच पोरं थोडीच जातात. औंदा पातं पुसलेलं होतं. देव एकदा घेतो, दोनदा घेत नाही. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याच्यासारखा वकील सापडत नाही.

तो डेपोत जाईना. बाळंतिणीच्या खोलीच्या दाराबाहेर बसून राही आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला विचारी, दूध पितंय का? मी चेष्टा केली. म्हटलं, मालोजीराव, आजोबा झालात की दूधवाले? तो हसला नाही. पाचव्या दिवशी सटवाईची पूजा झाली. पाट्यावर हत्यार ठेवून त्याला हळदकुंकू वाहतात, बाळाचं नशीब लिहायला सटवाई येते म्हणून. यशोदाबाईंनी हौसेने होडीचाच चाकू मांडला होता. मालोजी दारातून त्याच्याकडे बघत होता. पूजेचा प्रसादही त्याने घेतला नाही. मला वाटलं ताप आला असेल, मी त्याला डेपोतली गोळी आणून दिली.

आठवड्याने सकाळी रंभाने हाक मारली, "आये, हा दूध ओढंना." मालोजी उठला, शेजाऱ्याची बैलगाडी जुंपली आणि मला म्हणाला, "मास्तर, तुमी चला. डाक्टराशी बोलाया तुमी पायजे." बाळ रंभाच्या मांडीवर होतं, शेजारी यशोदाबाई बसल्या होत्या. गाडी खड्ड्यात आपटली की त्याचं अंग ताठायचं. चिंचवडापर्यंत तो रस्ता किती आहे ते कुणीही सांगेल, पण मला तो अजून संपलेला वाटत नाही.

डॉक्टरांनी बाळाला हात लावला आणि लगेच काढून घेतला. त्यांनी विचारलं, नाळ कशाने कापली? यशोदाबाई बोलणार, तेवढ्यात मालोजी बोलू लागला. उभ्याउभ्या त्याने सगळं सांगितलं. खेचरांची पलटण, खुरं, आबाजीचा भाऊ, चाकण. त्याचा आवाज वर चढला नाही की खाली उतरला नाही. डॉक्टर ऐकत होते. ते म्हणाले, "हा धनुर्वात. कापली त्याच दिवशी आणलं असतं तर यावर टोचायचं औषध होतं. वाचलंच असतं असं नाही म्हणत, पण हातात काही तरी होतं. आता मी काय करू?" त्यांनी सुई दिली, पण देताना त्यांच्या चेहऱ्यावर आशा नव्हती.

रंभाने बापाकडे पाहिलं. "आप्पा, तुमाला पैल्या दिशी म्हाईत हुतं?"

"व्हय."

तिने बाळावर पदर ओढला. परतीच्या वाटेवर आकुर्डीच्या पुढे कुठे तरी बाळ गेलं. तिने सांगितलं नाही. घर आल्यावरच आम्हाला कळलं.

सुतक फिटल्यावर आक्काबाई आली. बरोबर ज्योतीराम आणि त्यांच्या भावकीतले हिंदुराव नावाचे एक गृहस्थ होते. सोडचिठ्ठीचं बोलायला आले होते, हे त्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं. आक्काबाईने सुरुवात केली, "पोरीच्या नशिबातच..." मालोजी मधेच उठला, आत गेला आणि होडीचा चाकू आणून ओट्यावर सगळ्यांच्या मधे ठेवला. मग त्याने तेच पुन्हा सांगितलं, डॉक्टरांपुढे सांगितलं तसंच. आळीतली माणसं गोळा झाली होती. ज्यांनी त्याला गावकीत मान दिला, ज्यांच्या पोरांच्या लग्नात तो नवरदेवाच्या हाती कट्यारीऐवजी धरायला आपले चाकू काढून ठेवायचा, ती सगळी माणसं ऐकत होती. गोजाबाईला विचारलं. ती पदराने तोंड झाकून म्हणाली, "मी धरत हुते इस्तवावर. ह्यांनी धरू दिला न्हाई."

आक्काबाई कडक बाई होती, पण खोटी नव्हती. "म्हंजी पोरीचा काय दोष न्हाई?"

"न्हाई," मालोजी म्हणाला. "दोन्ही मीच मारली. तिचं अंग निरोगी हाय. तिला घरी न्या."

ज्योतीराम रडायला लागला. सासऱ्यापुढे रडणारा जावई मी तेवढाच पाहिला. आक्काबाईने चाकवाकडे पाहिलं, मालोजीकडे पाहिलं. "नेतो," ती म्हणाली. "पर ह्या घरातलं बाळंतपण आता बास. पोरगी हितं परत यायची न्हाई." मालोजीने मान हलवली. मुलीचा संसार वाचला होता, आणि त्याची किंमत त्याने सगळ्या गावापुढे रोख मोजली होती. मला त्या क्षणी त्याच्याबद्दल आदर वाटला आणि तितकीच घृणाही वाटली. दोन्ही अजून तशीच आहेत.

रंभा निघाली. ओल्या बाळंतिणीने लोखंडाशिवाय उंबरा ओलांडायचा नसतो, म्हणून यशोदाबाई विळा शोधू लागल्या. रंभा मालोजीपुढे जाऊन उभी राहिली आणि तिने हात पुढे केला. त्याला कळलं. त्याने ओट्यावरचा होडीचा चाकू उचलला. खाली ठेवायला वाकला, पण तिचा हात तसाच पुढे होता. मग त्याने आयुष्यात पहिल्यांदा चाकू कुणाच्या तरी हातात दिला. भांडण व्हायचं ते होऊन गेलंच होतं.

ती चुलीपाशी बसली. दोन्ही पाती उघडली आणि चाकू निखाऱ्यांत सारला. पातं आधी पिवळसर झालं, मग जांभळं, मग निळं. शिंगाची मूठ तडकली आणि घरभर वास सुटला, खुराला तापलेला नाल लावताना येतो तसला. आम्ही सगळे दाराशी उभे होतो. निखारे मंदावले तसा मालोजी पुढे झाला, कोपऱ्यातली एक गोवरी घेतली, मोडली आणि चाकवाखाली सरकवली. फुंकणी घेऊन त्याने विस्तव फुलवला. जोवर ती "बास" म्हणाली नाही तोवर तो फुंकत राहिला.

तिने सांडशीने चाकू काढला. पाण्यात बुडवला नाही, जमिनीवर आपोआप निवू दिला. मग पदराच्या टोकात बांधला. आईच्या पाया पडली, गोजाबाईच्या पाया पडली. बापापाशी आली तेव्हा थांबली, पण वाकली नाही.

"आप्पा, पुढच्या खेपंला गोजामावशीला मोशीला धाडा."

"धाडतो."

"तुमी नगा येऊ."

"बरं," मालोजी म्हणाला. गाडी आळीतून बाहेर पडेपर्यंत तो दारात उभा राहिला, आणि मग चुलीतली उरलेली गोवरी विझवायला आत गेला.